पवनाईचे मंगळवार

कामतघर, भिवंडी
ता. ९ ऑक्टोबर १९७३

श्री. केसरीनाथ यांस,
सौ. गोदूचे सप्रेम नमस्कार वि. वि.

मी सुखरूप पोचल्याची तार मिळाली असेलच. तुमच्या आईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि जीभ बाहेर आहे, त्यामुळे घराचा कारभार उत्तम चालला आहे. खाट त्यांनी ओटीवर ओढून घेतली आहे. मागच्या शेडमधला कुठला लूम बंद पडला हे त्यांना तिथे पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून कळतं, आणि दामूभावोजी तुटलेल्या धाग्यापाशी पोचायच्या आत यांची हाक पोचते. मी होळीपर्यंत राहावं असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही. फक्त होळीच्या पापडांची कामं मैनाजाऊबाईंना वाटून देताना त्यात माझंही नाव घातलं.

आता मुद्द्याचं. माझं नैरोबीचं विमानाचं लायसन्स दहा मार्चला संपतं. त्याआधी वर्षभरातले पाच तास उडवल्याची नोंद आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट तिथल्या ऑफिसात पोचलं नाही, तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. पावसात उडता आलं नाही, मग आपल्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या विमानाचं इंजिन महिनोन्‌महिने उघडून पडलं, आणि ते बसलं त्याच आठवड्यात आईंचा पाय मोडला. नोंदीत अजून भोपळा आहे. डॉक्टरीणबाईंचं तुम्हाला ठाऊक आहेच. मार्चपासून आडरानातल्या दवाखान्यांना त्यांच्याबरोबर पाळीपाळीनं विमान न्यायचं माझं ठरलंय, पण लायसन्स जिवंत असेल तरच. अहो, हसू नका. घर तुमचं, आडनाव तुमचं, तिथला क्वार्टर रेल्वेचा. ते एक कार्ड तेवढं माझं स्वतःचं आहे, आणि ते मी मरू देणार नाही.

म्हणून परवा पार्ल्याला कुणाचं तरी पार्सल द्यायचं निमित्त काढून जुहूच्या विमान क्लबात जाऊन आले. तिथे कॅप्टन मेहेरजी म्हणून एक वयस्क पारशी शिक्षक आहेत. परदेशी लायसन्सवर इथे एकटीला उडता येत नाही, पण शेजारी ते बसले तर तास धरले जातात, हे तुम्हीच ऑफिसात विचारून ठेवलं होतंत. मेहेरजींनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि मंगळवारी या म्हणाले, कारण मंगळवारी त्यांच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. फीची काळजी करू नका, मी तजवीज करून आले आहे.

काळजी फक्त घराबाहेर पडायची. माहेरी जाते म्हणावं तर माझं माहेर मानकोलीला; तिथली भाजी आणि तिथल्या बातम्या रोज सकाळी आपल्या दारात येतात. डॉक्टरकडे जाते म्हटलं तर आई प्लास्टरसकट बरोबर येतील. उरला देव. मग काल जेवताना मी सांगून टाकलं की माझे मंगळवार आहेत, जुहूकडे समुद्राकाठी एक देवी आहे, तिला बोलले आहे. आईंनी देवीचं नाव विचारलं. अहो, माझ्या तोंडात घास होता आणि डोक्यात वारा होता. मी म्हटलं, पवनाई. बाजूच्या सीताबाई काकी भाकरी मागायला आल्या होत्या. त्यांनी लगेच सांगितलं की पवनाईला त्या लहानपणी जाऊन आल्या आहेत, फार कडक देवी आहे.

तुमच्या घरी अजून कुणाला माझ्या उडण्याचा पत्ता नाही. विमानाला टेकून उभ्या असलेल्या माझ्या फोटोखाली ‘प्रदर्शनातले विमान’ असं लिहून तो घरी पाठवणारे तुम्हीच, तेव्हा आता मला खोटेपणावरून बोलू नका. प्रकृतीला जपा, डब्यातलं लोणचं एकट्यानं संपवू नका. मी जमिनीवर असेन वा वर, तुमचा लोभ जिथल्या तिथे असू द्यावा.

आपली,
गोदू

नैरोबी
ता. २४ ऑक्टोबर १९७३

चि. सौ. गोदू हिस,
केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसात मिळालं. तिथेच फोडलं, ही चूक झाली. मी एकटाच हसत होतो आणि मग एकदम हसायचा थांबलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पटेलने घरी सगळं ठीक ना म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं की बायको देवदर्शनाला जाते आहे.

गोदू, तू देवी बनवलीस? बायका उपास बनवतात, आजार बनवतात, माझ्या एका मामीनं तर गुडघेदुखी बनवून बारशाची कामं टाळली होती, पण देवी बनवलेली कुणी ऐकली नाही. आणि बनवलीस ती कामतघरात! त्या गल्लीत बातमी सांगितली की दुसऱ्या टोकाला ती सांगणाऱ्याच्या आधी पोचते. आपल्या माणसांत नवस म्हणजे एकट्याचं काम नाही, हे तू विसरलीस. एकानं बोलायचा आणि सगळ्यांनी फेडायचा.

लायसन्सच्या ऑफिसात पुन्हा जाऊन आलो. पाच तासांवर शिक्षकाची सही हवी, मान्य डॉक्टरचा कागद हवा, आणि दोन्ही दहा मार्चच्या आत. तिथला साहेब भला आहे, पण एक दिवसही पुढे ढकलणार नाही असं त्यानं हसतमुखानं सांगितलं. डॉक्टरीणबाई रोज तुझी चौकशी करतात. त्यांनी दवाखान्यांच्या फेऱ्यांच्या तक्त्यात मार्चपुढे तुझं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. शाई कधी, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की ते गोदूवर आहे.

माझं म्हणशील तर मी रेल्वेचा हिशेबनीस, माझा सगळा भरवसा रुळांवर. तुझ्याबरोबर एकदाच वर आलो होतो, आणि आपला क्वार्टर वरून कसा दिसतो हे मला अजून माहीत नाही, कारण मी डोळे उघडले नव्हते. तरी तुझं कार्ड मरावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. जा, उडव. फक्त आईला दुखवू नकोस. ती बोलते कडक, पण मनाला फार लावून घेते. इथे दिवाळी कंदिलाशिवाय चालली आहे. आहे तोच लोभ ठेव, आणि पट्टा घट्ट बांध.

तुझा,
केसरीनाथ

कामतघर, भिवंडी
ता. २१ नोव्हेंबर १९७३

श्री. केसरीनाथ यांस,
सौ. गोदूचे सप्रेम नमस्कार वि. वि.

दोन तासांच्या वर झाले! आधी हे सांगते, म्हणजे पुढचं वाचायला तुम्हाला बळ येईल.

इथलं विमान पुष्पक आहे, दोन माणसांचं, आणि पंखांवर चक्क कापड ताणून रंगवलेलं. तिकडच्या विमानाला नाकाखाली चाक होतं, याला शेपटीखाली आहे, त्यामुळे उतरताना माझी फार शोभा झाली. पहिल्यांदा मी ते जमिनीला लावलं तर ते तीन वेळा उसळलं. मेहेरजींनी अगदी गोड आवाजात विचारलं की आफ्रिकेत बेडूक चालवत होतीस काय. आता उसळतं, पण एकदाच. डॉक्टरांचंही काम झालं. फोर्टातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आधी मला सांगितलं की सर्टिफिकेट न्यायला मिस्टरांना स्वतः यावं लागेल. मग डोळे, कान, छाती सगळं तपासलं आणि सही करताना म्हणाले की निम्म्या पायलटांपेक्षा माझी नाडी शांत आहे. त्यांना कुठे माहीत, त्याच सकाळी मी सीताबाई काकींना देवीच्या आरतीची चाल शिकवून निघाले होते.

हो, आरती आहे. पवनाई माझ्या हातात राहिली नाही हो. दुसऱ्या मंगळवारी निघाले तर दारात चार नारळ होते. काकींची म्हैस अडली होती, समोरच्या कमळेच्या घरात रोज भांडण होत होतं, सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याचा बॉयलर धरत नव्हता. सगळ्यांनी पवनाईला सांगायला सांगितलं. मी पिशवी घेऊन गेले. नारळ मेहेरजींनी आणि तिथल्या मेकॅनिकांनी फोडून खाल्ले, खोबरं घरी चटणीला नेलं, आणि मी थोडं परत आणून प्रसाद म्हणून वाटलं. तर त्याच आठवड्यात म्हैस सुटली, पारडी झाली, बॉयलर धरला! कमळेचा नवरा अजून भांडतो, पण काकींच्या मते ती पुरेशा श्रद्धेनं सांगत नाही. पुढच्या मंगळवारी मेहेरजींनी मला उतरायच्या आधी नारळ किती आणलेत ते विचारलं.

हे सगळं हसायचं झालं. आता न हसायचं. माझे मंगळवार कशासाठी, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही, कारण लग्नाला सहा वर्षं झालेली आणि मूल नसलेली बाई कशासाठी नवस करते हे सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. मागच्या मंगळवारी परत आले तर आईंचं ताट तसंच झाकलेलं. मैनाजाऊबाईंनी हळूच सांगितलं की पहिल्या मंगळवारपासून आई माझ्याबरोबर उपास धरताहेत. मी मात्र जुहूला मेहेरजींच्या डब्यातला अळूचा पात्रा खाऊन आले होते. पाणी नेऊन दिलं तर त्या म्हणाल्या, तू एकटीनं किती भार उचलशील, दोघींनी मागितलं तर देवी लवकर ऐकेल.

अहो, मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं तर पुढचे मंगळवार गेले. मला फार वाईट वाटतंय आणि तरी मी पुढच्या मंगळवारी जाणार आहे. मी दुष्ट आहे का ते कळवा. लोभ किती शिल्लक राहिला तेही कळवावे.

आपली,
गोदू

नैरोबी
ता. १२ डिसेंबर १९७३

चि. सौ. गोदू हिस,
केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

तू दुष्ट नाहीस. आता मी काय केलं ते ऐक, म्हणजे तुझा जीव हलका होईल, कारण आपल्या दोघांत गाढव कोण हा प्रश्न कायमचा सुटेल.

आईचं मैनावहिनींच्या हातचं पत्र आलं. तिनं मला विचारलं होतं की ही पवनाई नक्की आहे कुठली, हिचे नियम काय, आणि मंगळवार किती करायचे असतात. मी घाबरलो. माहीत नाही म्हणालो तर तिला संशय येईल असं वाटलं. मला खोटं बोलायची सवय नाही, आणि सवय नसलेला माणूस एकदा बोलू लागला की थांबत नाही. मी लिहिलं की पवनाई मलाही ठाऊक आहे. मग तेवढंच कोरडं दिसलं, म्हणून लिहिलं की तिला पिवळा रंग प्रिय आहे. मग मंगळवार कधी संपतात हे सांगायला हवं होतं. तुझे तास फेब्रुवारीच्या मध्याला पुरे होतील या हिशेबानं एकोणीस फेब्रुवारीचा मंगळवार शेवटचा म्हणून कळवला. इथपर्यंत ठीक होतं. पण पत्रात खाली चार ओळींची जागा उरली होती. त्या जागेत मी लिहून बसलो की शेवटच्या मंगळवारी सवाष्णी नेऊन जागेवर उद्यापन करतात.

का लिहिलं ते मला सांगता येणार नाही. सगळ्याच व्रतांचं असतं, म्हणून हात तसाच पुढे गेला. पाकीट पेटीत पडल्यावर माझ्या लक्षात आलं. मी पोस्टमनची वाट पाहत पेटीजवळ उभाही राहिलो, पण त्यानं मला माझंच पत्र परत द्यायला साफ नकार दिला.

आता तूच काहीतरी कर. तू देवी उभी केलीस, तर एक उद्यापन मोडणं तुला काय अवघड? माझ्यावरचा लोभ बदलणार असेल तर आधी कळव, म्हणजे मी तयारीत राहीन.

तुझा,
केसरीनाथ

कामतघर, भिवंडी
ता. २३ जानेवारी १९७४

श्री. केसरीनाथ यांस,
सौ. गोदूचे सप्रेम नमस्कार वि. वि.

तिळगूळ घ्या, गोड बोला. गोड तुम्ही बोला, मी सध्या बोलण्याच्या स्थितीत नाही.

तुमचं पत्र इथे येऊन पोचलं तो दिवस मला विसरता येणार नाही. आईंनी ते मैनाजाऊबाईंकडून दोनदा वाचून घेतलं, मग सीताबाई काकींना बोलावून तिसऱ्यांदा. काकी म्हणाल्या, पिवळा रंग बरोबर, त्यांनी पाहिली तेव्हाही देवी पिवळ्यातच होती. तेव्हापासून गल्लीत दुसरं बोलणं नाही. दामूभावोजींचा कापडाचा ट्रक ठरला आहे. तागे उतरवून त्यात सतरंज्या घालायच्या. सवाष्णी ठरल्या आहेत, आणि ज्यांना सवाष्णीत घेतलं नाही त्या रुसून बसल्या होत्या, म्हणून त्यांनाही घेतलं आहे. कशेळीहून तुमच्या मावशी येणार आहेत. भावोजींनी एक अख्खा तागा पिवळा रंगवून आणला. आईंचं प्लास्टर निघालं आहे आणि त्या काठी घेऊन रोज ओटीवर येरझाऱ्या घालतात, जुहूला चालता यावं म्हणून.

आणि एकोणीस तारखेला, मंगळवारी, माझं शेवटचं उड्डाण आहे. चार तास झाले, एक राहिला. त्या दिवशी उडायचं आणि मेहेरजींनी सही करायची. दुसऱ्या दिवशी विमान वर्षाच्या तपासणीसाठी जातं आणि मार्च उलटल्याशिवाय परत येत नाही. त्याच्या आधीचे मंगळवार मिळतील का म्हणून मी विचारलं, पण पेट्रोलच्या टंचाईमुळे क्लबाला मोजून मिळतं आणि सगळ्या वेळा दिलेल्या आहेत. म्हणजे तो एकच दिवस, आणि त्या दिवशी माझ्यामागे ट्रकभर बायका.

सांगून टाकावं म्हणून मी तीनदा ओटीवर गेले. तिसऱ्यांदा आई पिवळ्या खणाला काठ लावत होत्या. मला बघून त्यांनी तो माझ्या खांद्यावर टाकून पाहिला आणि म्हणाल्या, तुला शोभतो, देवीला शोभेलच. मी परत आत गेले. देवाशी खोटं बोलले याचं मला काही वाटत नाही, तो समजून घेईल. पण या बाईनं माझ्यासाठी इतके मंगळवार पोटाला चिमटा घेतला, आणि कशासाठी ते तिला माहीत नाही. ते कळल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल ती मला नको आहे.

म्हणून ठरवलंय. एकोणीसला ट्रक जुहूला न्यायचाच नाही. वाटेत पहिलं जे देवीचं देऊळ दिसेल तिथे थांबवीन आणि हीच पवनाई म्हणेन. काकी ओळखतीलच. मेहेरजींना येत नसल्याचा निरोप धाडते. डॉक्टरीणबाईंना सांगा, पेन्सिलीनं लिहिलंय ते खोडून टाका. कार्ड मेलं तर मेलं. असं लिहिते आहे खरी, पण हा कागद मी दोनदा पुसून वाळवला आहे. तुमचा लोभ मात्र मरू देऊ नये.

आपली,
गोदू

नैरोबी
ता. ४ फेब्रुवारी १९७४

ती. आईस,
केसरीनाथचा शि. सा. न. वि. वि.

मैनावहिनी, हे पत्र आईला एकटीला वाचून दाखवा. सीताबाई काकी आल्या असतील तर आधी त्यांना चहा देऊन वाटेला लावा. गोदूलाही कळू देऊ नका.

आई, पवनाई नावाची देवी नाही. पिवळा रंग मी बनवला, उद्यापन मी बनवलं. गोदू मंगळवारी जुहूला जाते ती विमान चालवायला. दोन वर्षांपूर्वी तुला पाठवलेला फोटो प्रदर्शनातला नव्हता, ते विमान ती स्वतः चालवून आली होती. इथल्या सरकारनं तिला तसं लायसन्स दिलंय. ते दरवर्षी जिवंत ठेवावं लागतं, आणि त्यासाठी ठरलेले तास उडावं लागतं. तिचे चार झाले. एकोणीस तारखेला शेवटचा आहे, आणि तो चुकला तर सगळं गेलं.

तो ती चुकवणार आहे. तू उपास धरलेस म्हणून. तुला खरं सांगायची तिला लाज वाटते, आणि तुला फसवून पुढे जायचीही लाज वाटते, म्हणून तिनं मधला मार्ग काढला की आपलंच सोडून द्यायचं. मी तिचा नवरा आहे, मला हे बघवत नाही. ती वर असते तेव्हा माझा जीव टांगलेला असतो हे खरं, पण ती उतरून येते तेव्हा तिचा चेहरा जसा असतो तसा मी दुसऱ्या कशानं करू शकलेलो नाही. तिकडे आडरानातली आजारी माणसंही तिची वाट पाहताहेत.

मुलाचं तिनं तुला कधी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही सगळ्यांनी धरलंत. रागवायचं तर माझ्यावर रागाव, मी लांब आहे, मला लागणार नाही. पण तिला त्या दिवशी जुहूला जाऊ दे. एवढंच मागतो. तुझ्या पायाला तेल चोळत जा. लेकराच्या अपराधासकट लोभ पदरात असावा.

तुझा,
केसरीनाथ

कामतघर, भिवंडी
ता. २१ फेब्रुवारी १९७४

चि. केसरीनाथ यास,
आई पुतळाबाईचे अनेक आशीर्वाद. (लिहिणार मैना. भावजी, आई म्हणाल्या की मी जशी बोलेन तसंच लिव, शाळेतलं नको. म्हणून तसंच लिहिते.)

तुजं पत्र मिलालं. मैनेनं वाचलं, मी आयकलं, आनि दिवसभर कोनाशी बोलली न्हाय. दामू लूम बंद करून बगाया आला का आईला काय झालं. मना राग आलता. सूनचा न्हाय, माजा. घरात येक पोर चार महिने माज्या डोल्यासमोर भितीय आनि मी आपली खन शिवतय. मग इचार केला का ट्रक ठरलाय, बायका ठरल्यात, भाकऱ्या ठरल्यात. आता मोडायचं न्हाय. मैनेला शपत घातली का गोदूला बोलू नको.

मंगलवारी निघालो. मी फुडं, डायवरच्या बाजूला. ठान्याच्या फुडं येक देऊल आलं तशी मागून गोदू वरडली का आलं, आलं, थांबवा. मी डायवरला बोलली, चल. दुसरं देऊल आलं, ती परत वरडली. मी बोलली, आपली देवी अजून फुडं हाय, मना ठाव हाय. मग मागून आवाज बंद झाला. जुहूच्या फाटकाशी ट्रक उबा राह्यला तवा ती उतरली, तर तोंड असं पांढरं, मीठ जसं. मी तिचा हात धरला आनि इचारलं, तुजं इमान कुटलं?

ती रस्त्यातच बसली. बोलली, आई, नवस खोटा व्हता, मी तुमाला उपाशी ठेवलं. मी बोलली, उठ, लुगडं मलंल. तुला कायतरी पायजे व्हतं का न्हाय? तुज्या मनापासून पायजे व्हतं का न्हाय? मग मागनं खरं, तर नवस खोटा कसा? मी उपास धरला तो तुज्या मागन्यासाठी धरला. काय मागतंस ते मना ठाव नवतं, येवडंच. मी उपाशी राह्यली ती फुकट घालवशील तर बग. नातवाचं मी माजं मनातच धरलं व्हतं. ते मागनं माजं हाय, मी येगलं मागीन, तुमी घाई करू नका.

तो पारशी बाबा लई चांगला. तो बोलला का निरोप आला व्हता, पन इमान तयार ठेवलंय, कारन येवडे नारल देनारी बाई येनार न्हाय असं व्हनार न्हाय. टोपी काडून उबा राह्यला. बायकांनी इमानाला पिवला खन बांदला, हलद-कुकू लावलं, आरती बोलल्या. सीताबाय सगल्यांना सांगत व्हती का हे देवीचं वाहान हाय, तिनं मागं बगितलं तवा पन हेच व्हतं. बोलू दे. गल्लीत कोनी खरं सांगायचं न्हाय, माजी तशी ताकीद हाय, कमलेच्या घरात आता कुटं भांडान बंद झालंय. इमानाचा पंख कापडाचा हाय रं! मी बोट लावून बगितला. वीन घट हाय. दामूला बोलली, असा माल काड कवातरी.

मग ती दोगं बसली. खन सोडाया लावला पारशानं, तो बरोबर बोलला. इमान गुरगुरलं, पललं, आनि उटलं. केसरीनाथ, मी तुला काय सांगू. तुजा बा खाडीत होडी घालायचा तवा मी कशेलीच्या बांदावर उबी राहून होडी दिसं तवर बगत राहायची, आनि मग घरला येऊन कामाला लागायची. हितं कामाला काय लागनार? इमान समिंदरावर गेलं, बारीक झालं, मग दिसंना. सगल्या बायका भाकऱ्या सोडून जेवाया बसल्या. मना बोलवलं, मी गेली न्हाय. पाय दुकत व्हता, तरी मी बसली न्हाय. मना वाटलं, मीच हिला वर धाडली. ही आली न्हाय तर मी तुला काय लिवू? तुमी लोकं कसे ऱ्हाता रं, हे रोज बगून?

तासभरानं आवाज आयकू आला. आदी कोनालाच न्हाय, फक्त मना. मना लूमचा आवाज वलकता येतो, हा पन आला. इमान बरोबर बोलत व्हतं, येक धागा तुटला न्हवता. खाली आलं, येकदा उडी मारली आनि चाललं. पारशानं तितंच इमानाच्या शेपटीवर कागद ठेवून सही केली. ते कागद मैनेनं रजिस्टर पोस्टानं तुज्या नावानं धाडलेत, डाक्टरचा पन हाय, मिलताच हापिसात नेऊन दे, पटेलशी गप्पा मारत बसू नको. आनि त्या डाक्टरीनबायला सांग, पेनशीलीवर शाई फिरव.

गोदू उतरून आली ती हसत आली. तू लिवलंस तसंच तिचं तोंड व्हतं. मी तुज्या लग्नात पन तिचं असं तोंड बगितलं न्हवतं. सवाशनी ओटी भराया फुडं झाल्या. तो मान माजा न्हाय, तो मैनेनं घेतला. मी मैनेला बोलली, जरा थांब. आदी माजा मान. आनि सगल्या बायकांच्या, त्या पारशाच्या, त्याच्या मेकॅनिकांच्या देकत मी तिच्या पाठीत येक सनसनीत धपाटा घातला. ती रडाया लागली, मी पन लागली. मग बोलली, आता भर ओटी.

तू जिथं हायस तितं सुकी राहा. सूनला होलीनंतर धाडतंय, तवर इमान तपासनीला गेलं तरी तिचे मंगलवार चालू हायत, पारशाला नारल द्याया आता मी बरोबर जातंय. माजा लोभ हाय, इचारायचं कारन न्हाय.

सांगणारी तुझी आई,
पुतळाबाई